ताईच्या ब्रायडल शॉवरला हातानं कार्ड करायलोय, आत कागदी साज कसा बसवू?

गुळाचा_खडा | शनि., रात्री १०.५२

नमस्कार मंडळी, इथं वाचायला रोज येतो पण धागा पहिल्यांदाच काढायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या मावसबहिणीचं, आमच्या ताईचं, मार्गशीर्षात लग्न आहे. ती पुण्यात नोकरीला आणि तिच्या ऑफिसच्या मैत्रिणी पुढच्या रविवारी कोल्हापुरात येऊन तिचा ब्रायडल शॉवर करणारेत, ताराबाई पार्कात हॉटेल पण बुक झालंय. आम्ही घरच्या पोरी मिळून गिफ्ट घेतलंय, त्याच्यासोबतचं कार्ड मात्र मी हातानं करतो म्हणून सगळ्यांसमोर बोलून बसलोय आणि आता फसलोय.

डोक्यात असं आहे, की कार्ड उघडलं की आत कोल्हापुरी साज लटकला पाहिजे, कागदाचा, खऱ्या साजासारखी २१ पानं, आणि प्रत्येक पानाच्या मागं घरातल्या एकेकाचं एक वाक्य. ऐकायला लै भारी वाटतंय ना? काल रात्री पहिला प्रयत्न केला. कार्डशीट दुमडली तर घडीवर पांढरी भेग पडली, पांढऱ्या गमनं सोनेरी कागद चिकटवला तर सकाळपर्यंत त्याचा उडदाचा पापड झाला, आणि जेल पेननं त्याच्यावर लिहिलेलं बोट लागल्या लागल्या पुसलं. आईनं बघितलं आणि म्हणाली, दुकानातनं आण की गं एखादं.

तर कागद कुठला, चिकटवू कशानं, लिहू कशानं, आणि मुळात त्यात लिहू काय, सगळंच सांगा. आठ दिवस आहेत.

बिनसाखरेचा_चहा | शनि., रात्री ११.०८

निमंत्रण पत्रिका करायची आहे का? आजकाल व्हॉट्सॲपवरच पाठवतात सगळे, कशाला एवढा खटाटोप.

गुळाचा_खडा | शनि., रात्री ११.१५

निमंत्रण नाही ओ. गिफ्टबरोबर द्यायचं शुभेच्छांचं कार्ड. एकच करायचंय.

तात्या_मंगळवारपेठ | रवि., सकाळी ७.२०

शॉवरवरचा जोक कोणतरी करणारच, मीच करून टाकतो म्हणजे विषय मिटला: गिझर चालू ठेवा. आता मुद्दा. आमच्यात ह्याला केळवण म्हणतात, आमची आज्जी गडगनेर म्हणायची, आणि त्याला कार्ड लागत नाही, पाट, रांगोळी, पंचपक्वान्न आणि आहेर लागतो. मैत्रिणींनी जेवायला घालायचं तर घाला की, इंग्रजी नाव कशाला पाहिजे?

न्यूजर्सीची_सून | रवि., सकाळी ८.४१

तात्या, फरक आहे थोडा. केळवणात नवरीला एकेका घरी जेवायला बोलावतात, आईवडिलांसकट. इथं अमेरिकेत शॉवर म्हणजे मुख्यतः नवरीच्या मैत्रिणींनी भरवलेला कार्यक्रम, लग्नाआधी साधारण दोन आठवडे ते दोन महिने. आहेराचा वर्षाव म्हणून शॉवर. जुन्या रीतीप्रमाणे तो नवरीच्या आईनं किंवा घरच्यांनी ठेवायचा नसतो, कारण मग आपणच आपल्या मुलीसाठी भेटी मागतोय असं दिसतं. हल्ली कोण पाळतंय म्हणा. सगळ्यांच्या समोर एकेक गिफ्ट उघडतात, कार्ड मोठ्यानं वाचतात (हे लक्षात ठेव, चावट काही लिहिणार असशील तर), गिफ्टच्या रिबिनी गोळा करून कागदी डिशला बांधून त्याचा गुच्छ करतात आणि तो नवरी लग्नाच्या रंगीत तालमीला हातात धरते. टॉयलेट पेपर गुंडाळून नवरीचा गाऊन करायचा खेळ पण असतो, माझ्या वेळी मी तो नऊवारी नेसवला होता.

कार्डबद्दल दोन गोष्टी. शॉवरचं कार्ड फक्त नवरीला असतं, दोघांना नाही, दोघांचं नाव घालायचं ते लग्नाच्या कार्डावर. आणि इथं रेसिपी शॉवर म्हणून एक प्रकार असतो, येणारी प्रत्येक बाई आपली एक रेसिपी स्वतःच्या अक्षरात छोट्या कार्डावर लिहून आणते आणि सगळी एका डब्यात घालून नवरीला देतात. माझ्याकडे माझा डबा आहे अजून. त्यातल्या पदार्थांपैकी अर्धे मी कधीच केले नाहीत पण सासूबाईंच्या मैत्रिणीचं वळणदार अक्षर बघायला अधूनमधून उघडते.

पेठेबाहेरची | रवि., सकाळी ९.०५

मस्त माहिती. खडा, तुम्ही दादा की ताई? "करायलोय", "फसलोय" वाचून दादा वाटलं, मग आई "आण की गं" म्हणाली.

गुळाचा_खडा | रवि., सकाळी ९.३०

ताईच ओ. कोल्हापुरातल्या पोरी आम्ही असंच बोलतो, मी आलो, मी गेलो. पुण्याच्या हॉस्टेलात पण लोकं वळून बघायची.

छापखाना_काका | रवि., दुपारी १२.१०

पोरी, लग्नपत्रिका छापण्यात माझी पस्तीस वर्षं गेली, आता मशीन विकून बसलोय म्हणून एवढं टाइप करायला वेळ आहे. एकेक बघू.

भेग का पडली? कागदाला ग्रेन असतो, म्हणजे मशीनवर कागद तयार होताना त्यातले तंतू एका दिशेला झोपतात. त्या दिशेला समांतर घडी घातलीस तर लोण्यासारखी बसते, आडवी घातलीस तर तंतू मोडतात आणि पांढरं दिसतं. ओळखायचं असं, की कागद दोन्ही हातात धरून आधी उभा आणि मग आडवा हलका वाकव, मोडायचा नाही, नुसता वाकवायचा. मुकाट वाकतो तेव्हा वाकाची रेघ ज्या दिशेला पडते, तिकडं ग्रेन. तयार ए४ मिळतो त्याचा ग्रेन बहुतेक लांबीला असतो आणि तू घडी घातलीस रुंदीला समांतर, म्हणून तडकला. त्यामुळं ए४ चं पुडकं घेऊ नको, मोठी शीट घे, ग्रेन बघ आणि त्यातनं २९७ बाय २१० मिलिमीटरचा तुकडा असा काप की ग्रेन २१० च्या बाजूला येईल.

कागद २५० जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा आयव्हरी कार्ड माग. झेरॉक्सचा कागद ७०-८० चा असतो, त्यावरनं अंदाज घे. ३०० चा पण चालतो पण हातानं घडी घालणाऱ्याला तो जड जातो. आर्ट कार्ड घेऊ नको, त्याची चकाकी दिसायला बरी पण पेनाची शाई धरत नाही.

घडी घालायच्या आधी क्रीजिंग मारायचं. आमच्याकडं मशीन होतं, तू स्टीलची पट्टी धर आणि शाई संपलेलं बॉलपेन दाबून दोनदा ओढ. नळी पडली पाहिजे, कागद कापला जाता कामा नये. मग नळीचा फुगवटा आतल्या अंगाला ठेवून दुमड. लोकं उलटं करतात, खळगा आत घेतात. तसं नाही.

पापड झाला कारण तो गम पाण्यातला असतो, कागद पाणी पितो, फुगतो, आणि वाळताना वेडावाकडा आकसतो. कागदाला कागद चिकटवायचा तर डबल टेप नाहीतर गम स्टिक.

गुळाचा_खडा | रवि., दुपारी १.४४

काका लै उपकार झाले. घरातली जुनी लग्नपत्रिका वाकवून बघितली, खरंच एका बाजूनं गपगुमान वाकती आणि दुसऱ्या बाजूनं भांडती. आता जेवण सोडून सगळे कागद वाकवत बसलोय.

गुजरीचा_नातू | रवि., दुपारी ३.२५

साजाबद्दल मी बोलतो, आमचं घर त्याच धंद्यातलं. २१ पानांचा हिशोब असा सांगतात: दहा पानं दशावताराची, आठ अष्टमंगळ, एक माणकाचं, एक पाचूचं आणि मधोमध ताईत. घराघरात नावं थोडी इकडची तिकडं होतात, त्यावर इथं भांडण नको. पानं भरीव नसतात, सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठाव काढायचा आणि पोटात लाख भरायची, म्हणून दिसतात फुगीर आणि वजनाला हलकी.

कागदात तसाच उठाव पाहिजे असेल तर सोनेरी कागद मागच्या बाजूनं वर करून माऊसपॅडवर ठेव आणि काकांचंच ते संपलेलं बॉलपेन घेऊन आकाराच्या आतनं दाबत जा. पुढनं बघितलंस तर पान फुगलेलं. खाली मऊ काहीतरी पाहिजे, लाकडी टेबलावर नुसती रेघ उठेल. नंतर मागं जाड कागद लाव म्हणजे फुगवटा बसणार नाही.

कापायला सोपे आकार म्हणशील तर मासा, कासव, शंख, चंद्र, बेलपान, कमळ, कारलं. नाग आणि भुंगा जमले तर बघ. नरसिंहाच्या नादाला लागू नको.

तात्या_मंगळवारपेठ | रवि., दुपारी ३.४०

कारलं कुणाच्या वाट्याला येणार हे आत्ताच जाहीर करा.

गुळाचा_खडा | रवि., दुपारी ३.५२

दाद्याला. ताईचा सख्खा भाऊ. तोंड तसंच आहे.

छापखाना_काका | रवि., संध्या. ६.३०

आता गणिताचं बोलू. कार्ड मिटल्यावर १४८ रुंद, २१० उंच. दोरा घडीच्या दोन्ही बाजूला सहा सहा सेंटिमीटरवर चिकटवायचा, वरनं सात सेंटिमीटर खाली. उघडल्यावर दोन टोकांत १२ सेंटिमीटर अंतर पडलं, साज गळ्यात पडल्यासारखा झोल पाहिजे म्हणजे दोरा १६ घे. कार्ड मिटलं की दोन्ही टोकं एकमेकावर येतात आणि दोरा दुपदरी होऊन ८ सेंटिमीटर खाली लोंबतो, म्हणजे वरनं १५, वर पान दोन सेंटिमीटर धर, १७. कार्ड २१ चं आहे, बाहेर काही डोकावणार नाही. हे आधी मोजलं नाहीस तर मिटलेल्या कार्डाखालनं मासा बाहेर येऊन बघंल.

पण २१ पानं १६ सेंटिमीटरवर बसवलीस तर एकेक पान साडेसात मिलिमीटरचं झालं. त्याच्यामागं काय लिहिणार? नाव पण मावणार नाही. पान निदान दीड सेंटिमीटर रुंद पाहिजे. म्हणजे नऊ, फार तर दहा.

गुळाचा_खडा | रवि., रात्री ९.१८

काका, नऊच? मी एकवीस जणांकडनं वाक्यं मागवून बसलोय. आणि साज २१ चा नसला तर तो साज कसला.

गुजरीचा_नातू | रवि., रात्री ९.५०

रोज घालायला दहा-बारा पानांचाच करून घेतात बायका, २१ चा लग्नाकार्याला निघतो. कमी पानांनी साजपण जात नाही. काळजी सोड.

आळणी_पाणी | रवि., रात्री १०.१५

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नकोस. एकवीस जणांनी काय लिहून पाठवलं ते आम्हाला सांग बरं.

गुळाचा_खडा | रवि., रात्री १०.३३

काकू, खरं सांगू का? अकरा जणांनी "नांदा सौख्यभरे" पाठवलंय. दोघांनी गुलाबाचा फोटो. एका काकांनी सुविचार, तो पण दुसऱ्या कुणीतरी त्यांना पाठवलेला, वर "फॉरवर्डेड" तसंच आहे. मामी म्हणाली तूच काहीतरी चांगलं लिही माझ्या नावानं. आज्जीला विचारलं तर ती म्हणाली माझा हात कापतोय, मला लिहायला लावू नको.

आळणी_पाणी | रवि., रात्री १०.५८

मग काकांनी नऊ सांगून तुझ्यावर उपकारच केलेत की. माझी मुलगी परदेशी गेली तेव्हा तिच्या मैत्रिणीनं एक कार्ड दिलं होतं, त्यावर फूल नाही, मणी नाही, आत फक्त बसचा एक जुना पास चिकटवलेला, दोघी कॉलेजला जायच्या त्या बसचा. मुलीनं चार ठिकाणी घर बदललं, कार्ड तिच्याबरोबर गेलं. तुझ्या ताईचं असं काय आहे जे फक्त तुमच्या घरात माहिती आहे? आणि आज्जीला आता लिहायला लावू नकोस, तिनं आधी लिहून ठेवलेलं काही असेल तर शोध. जुनी वही, सामानाची यादी, काहीही.

पोस्टर_वाला | रवि., रात्री ११.२०

मध्येच घुसतो. साजाचा कंटाळा आला तर सिनेमाच्या पोस्टरसारखं कार्ड कर! आपलं गाव त्याच रंगाचं आहे, बाबुराव पेंटरांनी आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवलेली. नवरी नायिका, वर मोठ्या अक्षरात नाव, खाली "लवकरच येत आहे". पोस्टर कलरमध्ये एका संध्याकाळी होईल.

गुळाचा_खडा | रवि., रात्री ११.३१

नाद खुळा आयडिया आहे पण मला माणसाचा चेहरा काढता येत नाही, ताई बटाट्यासारखी दिसली तर गिफ्ट परत येईल.

गुळाचा_खडा | सोम., रात्री ८.४०

काकू. ऐका. घावलं.

आमच्या आज्जीला कॅलेंडरवर लिहायची सवय आहे, भिंतीवरचं महिन्याचं पान असतंय त्याच्या चौकटीत. गॅस कधी लावला, दूध किती, कोण आलं, कोण गेलं. वर्ष संपलं तरी टाकत नाही, गुंडाळी करून कपाटावर ठेवती. आज सगळ्या गुंडाळ्या काढल्या, धुळीनं शिंकून शिंकून बेजार. ताईला बघायला पाव्हणे आले होते तो मागच्या फेब्रुवारीतला एक रविवार, आईला तारीख पाठ होती म्हणून नेमकं पान काढलं. त्या चौकटीत निळ्या बॉलपेननं, कापऱ्या अक्षरात, आज्जीनं लिहिलंय:

"दूध २ ली. जास्त. पाव्हणे आले. मुलगा बरा. पोहे उरले."

बस्स एवढंच. "मुलगा बरा" च्या खाली दोन रेघा आहेत. मी कपाटापुढं खालीच बसलो.

आळणी_पाणी | सोम., रात्री ८.५५

हेच. ह्याच्यापुढं माझ्याकडं सांगायला काही नाही.

न्यूजर्सीची_सून | सोम., रात्री ९.२०

पोहे उरले!! मी इथं ऑफिसात स्क्रीनकडे बघून हसतेय, शेजारचा विचारतोय काय झालं.

गुजरीचा_नातू | सोम., रात्री ९.४४

ती चौकट ताइताच्या जागी घाल. मधोमध. साजात सगळ्यांचं लक्ष तिथंच जातं.

गुळाचा_खडा | सोम., रात्री १०.०२

तेच ठरवलंय. पण चौकट चार सेंटिमीटरची आहे, एवढा जड ताईत लटकवला तर दोरा खाली ओढला जाईल का? दुसरं म्हणजे मूळ पान कापू का झेरॉक्स मारू?

छापखाना_काका | सोम., रात्री १०.२५

लटकवू नको. दोऱ्यावर नऊ पानं राहू देत, आणि ताइताच्या आकाराचा एक कप्पा खाली थेट कार्डाच्या उजव्या पानावर चिकटव, साजाच्या झोलाखाली तुला जागा आहे. कप्प्याला वरनं झाकणासारखी घडी ठेव, उचललं की आत चौकट. झाकणाला पण क्रीजिंग मार, विसरू नको.

कापू नको. कलर स्कॅन काढून त्याच जाडीच्या कागदावर प्रिंट मार, कुणाला फरक कळणार नाही.

आळणी_पाणी | सोम., रात्री १०.४०

मी म्हणेन मूळच दे. प्रिंटमध्ये पेनाचा दाब उमटत नाही. पण कापायच्या आधी पानाची मागची बाजू बघ हं, पाठीमागं काही असेल तर.

गुळाचा_खडा | सोम., रात्री १०.५१

बघितली. मागं कसलीतरी छापील रेसिपी आहे आणि कडेला पेन्सिलनं दोन-तीन आकडे. काही विशेष नाही. मूळच देणार.

पेठेबाहेरची | मंगळ., सकाळी ११.१५

उखाणा टाका ना एखादा कार्डात, वाचायला मजा येईल. मी करून देते:

काळ्या दोऱ्यात ओवला कागदाचा साज,
…रावांचे पोहे उरले, खाऊन घ्या आज.

तात्या_मंगळवारपेठ | मंगळ., दुपारी १२.००

बाई, ह्याच्यासाठी तुम्हाला कोल्हापूरचं नागरिकत्व देण्यात येत आहे. पहिला पांढरा रस्सा माझ्याकडनं. मार्गशीर्ष संपल्यावर, गुरुवारचं घरात पाळतात.

बिनसाखरेचा_चहा | मंगळ., दुपारी १.३०

कोपऱ्यांना हळदकुंकू लावा, पत्रिकेला लावतात तसं. शुभ असतं.

छापखाना_काका | मंगळ., दुपारी २.१५

लावायचं तर बाहेरच्या कोपऱ्याला टिकली एवढंच, कोरडं, बोट झाडून. ओलं कुंकू फुटतं आणि पाकिटाला लागतं. हळदीचा पिवळा उजेडात उडतो हे पण सांगून ठेवतो, म्हणून कार्ड शोकेसमध्ये उन्हात ठेवू नका म्हणावं. आणि सोनेरी कागदावर लिहायला साधं पेन चालणार नाही, परमनंट मार्करची बारीक टोकाची घे, लिहिल्यावर मिनिटभर हात लावू नको. नाहीतर मागं जो जाड कागद लावणार त्याच्यावरच लिही, तिथं कुठलंही पेन चालतं.

पाकीट राहिलं. पानांचा फुगवटा आणि कप्पा धरून कार्ड चार-पाच मिलिमीटर जाड होणार, तयार पाकिटात कोंबलंस तर साज चपटा. स्वतः कर, सगळ्या कडांना पाच मिलिमीटरची दुहेरी घडी घालून डबीसारखं. कुरियर करायचं नाही ना? हातानंच देणार ना?

गुळाचा_खडा | मंगळ., दुपारी २.३१

हातानंच. स्कूटीच्या डिकीत पण घालणार नाही, रिक्षानं जातो.

गुळाचा_खडा | शुक्र., रात्री ११.५५

झालं एकदाचं, म्हणजे जवळजवळ. प्रगतीचं सांगतो कारण झोप येईना. मासा पहिल्या फटक्यात जमला, कासवाला चार पाय काढता काढता तीन कासवं वाया गेली, शेवटी मान आणि शेपटी ठेवली आणि पाय पोटात घेतलेत असं समजायचं. बेलपान सगळ्यात सोपं. भुंग्याची माशी झालीय पण दोऱ्यावर चढवल्यावर कळत नाही. उठाव काढताना माझ्या भावाचा माऊसपॅड कामाला आला, त्याच्यावर आता कायमचा शंख उमटलाय, त्यानं अजून बघितलं नाही.

नऊ पानांची नऊ वाक्यं मी परत मागवली, "नांदा सौख्यभरे" लिहिणाऱ्याचं पान रद्द असं सांगून. मग लोकं लिहायला लागली. मामीनं लिहिलंय: "रंकाळ्यावर हरवली होतीस, भेळवाल्याकडं सापडलीस, हातात भेळ होती." दाद्यानं कारल्यावर लिहिलंय: "तुझी खोली मी घेणार." मावशीनं म्हणजे ताईच्या आईनं दोन दिवस लावले, आणि शेवटी एकच शब्द दिला, "जेवलीस?" रोज रात्री साडेनऊला ती फोनवर हेच विचारती. मी तो चंद्रावर लिहिला.

एक घोळ झालाच. दोरा चिकटवताना मी डावीकडचं माप वरनं सात ऐवजी घडीवरनं सात घेतलं, साज तिरका लटकला, जसा काय कुणीतरी एका खांद्यानं चालतंय. ते काढताना कागदाचा वरचा थर सोलून आला. आता त्या जागी कमळाचं एक फालतू पान चिकटवून झाकलंय, उजवीकडं पण जोडीला एक लावलं, मुद्दाम केल्यासारखं दिसतंय.

छापखाना_काका | शनि., सकाळी ६.१०

पस्तीस वर्षांत आम्ही पण असंच झाकलंय. जोडीला एक लावलंस हे महत्त्वाचं. घडी?

गुळाचा_खडा | शनि., सकाळी ८.००

घडी लोणी.

गुळाचा_खडा | रवि., रात्री १०.१२

आलो ओ जाऊन. सांगतो सविस्तर.

पुण्याच्या पोरींनी फुगे, पट्टा, "होणारी नवरी" लिहिलेला मुकुट, सगळं आणलं होतं. टॉयलेट पेपरचा खेळ पण झाला, न्यूजर्सीच्या वहिनींची आठवण काढून मी ओचा सोडून दाखवला. मग गिफ्टं. ताईनं आमचं पाकीट उघडलं, कार्ड उघडलं, साज वर आला, बरोबर काकांनी सांगितला तसा, सगळ्या पोरी ओरडल्या. तिनं एकेक पान उलटून मोठ्यानं वाचलं, कारल्याला हशा, भेळेला हशा, चंद्र उलटला आणि वाचलाच नाही. तसाच परत सरळ केला. मावशी कोपऱ्यात होती, ती म्हणाली काय लिहिलंय ते वाच की, ताई म्हणाली वाचलं.

मग ताइताचं झाकण. आधी कळेना तिला काय आहे, कॅलेंडर का चिकटवलंय म्हणून माझ्याकडं बघितलं, मग तारीख दिसली. "पोहे उरले" वाचून जी हसायला लागली ती थांबंना. म्हणाली, आज्जीला काय माहिती, तो लाजून एक घास खाऊन थांबला होता, आणि परत जाताना सांगलीच्या अलीकडं गाडी थांबवून दोन प्लेट मिसळ खाल्ली, त्यानं मला नंतर सांगितलं. पेठेबाहेरची बाईंचा उखाणा तिनं तिथल्या तिथं त्याला फोन लावून ऐकवला. तो म्हणाला आजच घेऊन ये पोहे.

आळणी_पाणी | रवि., रात्री १०.३०

आणि आज्जी?

गुळाचा_खडा | सोम., सकाळी ९.०५

आज्जी काल आली नव्हती, गुडघा. रात्री घरी येऊन तिला सगळं सांगितलं, फोटो दाखवला. फोटोकडं लै वेळ बघितलं आणि म्हणाली, हे कुठल्या कॅलेंडरचं? मी म्हणालो फेब्रुवारीचं. म्हणाली, अगं त्याच्या मागं माझ्या भिशीचे आकडे होते, कुणाचे किती राहिलेत ते, परवा हप्ता आहे, कार्ड परत आण.

आता ताईला फोन केला की चौकट काढून मागचा फोटो पाठव. ती म्हणती डबल टेपनं चिकटवलंयस, निघंना.

छापखाना_काका | सोम., सकाळी ९.२२

हेअर ड्रायर लाव म्हणावं. टेप गरम झाली की सुटते. एका कोपऱ्यापासनं, हळू, आणि ओढायचं नाही, लोळवत न्यायचं.